मुंबई पाहणे : सावित्रीच्या खोऱ्यातील एका सुट्टीचा इतिहास

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा मुंबईशी गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जो संबंध आला, त्याचे वर्णन करताना आपले इतिहासकार बहुधा एकाच शब्दावर थांबतात. तो शब्द म्हणजे चाकरी. माणूस मुंबईस गेला तो गिरणीत, गोदीत, पोलिसात किंवा पलटणीत गेला. त्याने घरी पैसे पाठविले. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी आला. आणि हातपाय थकले तेव्हा कायमचा परतला. हे वर्णन खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. त्यात मुंबईस जाणारा प्रत्येक मनुष्य काम करावयासच जातो. चार दिवस राहावे, नवे काही पाहावे आणि परत यावे, एवढ्याचसाठी या खोऱ्यातून कोणी मुंबईस गेलेच नाही काय ?

भाषा याचे उत्तर वेगळे देते. ‘मुंबई पाहणे’ हा वाक्प्रयोग कोकणात रूढ आहे, आणि ‘मुंबई पाहिलेला’ हे विशेषण ‘मुंबईत राहिलेला’ याहून अगदी निराळे आहे. पाहिलेला म्हणजे तेथे पोटासाठी न राहिलेला. ज्या समाजात असा भेद करणारा शब्दप्रयोग स्थिर होतो, त्या समाजात ती क्रियाही पुष्कळांनी, पुष्कळ वेळा केलेली असली पाहिजे. तथापि या क्रियेला स्वतःचे नाव मात्र फार उशिरा मिळाले. ती नेहमी दुसऱ्या कोणत्या तरी कामाच्या नावाखाली वावरली. हे पांघरूण कसे होते, ते कोणाला मिळे आणि कोणाला मिळत नसे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. आज आपण ‘रजा’ आणि ‘सुट्टी’ हे शब्द जवळजवळ समानार्थी वापरतो. परंतु ‘रजा’ हा अरबी मूळाचा शब्द असून संमती, परवानगी हा त्याचा मूळचा अर्थ आहे. रजा मागावी लागते. ती कोणी तरी देतो. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाशी निगडित आहे. तो शाळेला, कचेरीला, एकदम सर्वांना लागू पडतो. या दोन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे : कोणत्या तरी बाहेरच्या बंधनातून तात्पुरती मोकळीक. ज्याला असे बंधन नाही त्याला रजाही नाही आणि सुट्टीही नाही. शेतकऱ्याचे बंधन पावसाचे असते, सुनेचे चुलीचे असते. आणि या दोन बंधनांतून मोकळीक देणारा अधिकारी कोणत्याही कचेरीत बसत नाही. म्हणून पोलादपूरच्या कुळवाडी घरातील स्त्री ‘सुट्टीवर’ मुंबईस गेली असे वाक्य जुन्या बोलीत संभवतच नव्हते. ती लेकीच्या बाळंतपणाला जाई, धाकट्या दिराच्या दुखण्याची विचारपूस करावयास जाई, मुंबादेवी-महालक्ष्मीच्या दर्शनास जाई. बाळंतपण, दुखणे आणि देव ही तीन निमित्ते इतकी भक्कम होती, की त्यांच्या आड राणीची बाग सहज मावत असे. निमित्त खोटे असे असे नव्हे. मुलगी खरोखरीच बाळंत होत असे. परंतु बारशानंतरचे जे आठ दिवस मुंबईत जात, त्यांचा हिशेब गावी कोणी मागत नसे, आणि त्या आठ दिवसांचाच हा इतिहास आहे.

या खोऱ्यात सुट्टीचा प्रवास म्हणून उघडपणे ओळखला गेलेला पहिला प्रवास मात्र मुंबईकडे जाणारा नसून मुंबईहून येणारा होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर हे गोऱ्या अंमलदारांचे उन्हाळी ठिकाण म्हणून वसविण्यात आले. त्या काळी मुंबईहून तेथे जाण्याचा एक प्रमुख मार्ग असा होता : समुद्रमार्गे बाणकोट, बाणकोटहून सावित्रीच्या खाडीने दासगाव-महाड, तेथून पोलादपूर, आणि मग पार घाटाने वर. पुढे आंबेनळीचा घाटरस्ता झाला तेव्हाही पोलादपूर पायथ्याशीच राहिले. इंग्रजी प्रवासपुस्तकांत या वाटेचे टप्पे, अंतरे आणि मुक्काम छापलेले असत. पालखीचे भोई, हमाल व बैलगाड्या या खोऱ्यातल्या असत. म्हणजे हवापालटासाठी माणसे घरदार सोडून इतक्या लांब येतात आणि त्याला कसलेही निमित्त सांगत नाहीत, हे दृश्य पोलादपूरच्या लोकांनी आपल्या खांद्यावर वाहून पाहिले होते. साहेब ज्या वाटेने शहर सोडून डोंगराकडे येई, त्याच वाटेने त्याचा भोई पुढे डोंगर सोडून शहराकडे गेला. दोघांच्या प्रवासांपैकी एकाचीच नोंद छापील पुस्तकांत आहे.

मराठीतही शहराचे वर्णन करणारी पुस्तके झाली. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, आणि बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ साली. माडगांवकरांनी शहरातील नाना जातींचे, धर्मांचे व देशांचे लोक, त्यांचे पेहराव, बाजार, देवळे यांची जी माहिती दिली आहे, तिच्यावरून हे नगर एका देशाचे नसून अनेक देशांचे आहे ही जाणीव तेव्हाच किती स्पष्ट होती हे दिसते. परंतु ही पुस्तके वाचून सावित्रीकाठच्या कुणब्याने आपला बेत आखला असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याचा बेत तोंडी होता, आणि त्याचे साधन पुस्तक नसून पंचांग होते.

पंचांग हे अक्षरशः म्हणावयाचे. दासगाव बंदरात बोट लागणे किंवा न लागणे हे भरतीवर अवलंबून असे. कोकण किनाऱ्यावर सर्वत्र ठाऊक असलेला एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब मुखाचा. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, आणि तेवढी भर गावोगावचे लोक अनुभवाने घालीत. तेव्हा मुंबईस जाण्याचा दिवस ठरवावयाचा म्हणजे आधी तिथी पाहावयाची. मुहूर्तासाठी तिथी पाहणे आणि पाण्यासाठी तिथी पाहणे ही दोन कामे या खोऱ्यात एकाच पानावर होत असत. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड निघाले, आणि पाव आण्यात मुंबईच्या पत्त्यावर ‘अमुक तिथीस निघतो, धक्क्यावर यावे’ एवढे कळविण्याची सोय झाली. माझ्या मते सावित्रीच्या खोऱ्यातील सुट्टीच्या आखणीत रेल्वेहून किंवा पुस्तकाहून या कार्डाचे महत्त्व अधिक आहे. कारण शहरात उतरल्यावर धक्क्यावर कोणी न भेटणे याहून मोठी भीती त्या प्रवाशाला दुसरी नव्हती.

दुसरी मर्यादा पावसाळ्याची. आगबोटींची कोकणातील फेरी उघडिपीच्या दिवसांपुरती असे. वैशाखाच्या शेवटी समुद्र खवळू लागला की ती बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू पुन्हा सुरू होई. म्हणून शेतीचा मोकळा काळ आणि बोटीचा काळ यांचा मेळ पौषापासून वैशाखापर्यंतच बसे. भात झोडून झालेले, पुढची भाजावळ व्हावयाची किंवा नुकती झालेली, फणस धरलेला : ‘मुंबई पाहण्याचे’ दिवस ते हेच. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी किनाऱ्यावर ‘शेफर्ड कंपनीच्या’ म्हणून ओळखल्या जात. पुढे देशी भांडवलाची कंपनी निघाली तिला लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ असे आपलेपणाचे नाव दिले. उतरावयाचे ते भाऊच्या धक्क्यावर. हा भाऊ म्हणजे लक्ष्मण ऊर्फ भाऊ अजिंक्य.

या प्रवासाने मराठीला एक चमत्कारिक क्रियापद दिले आहे. ‘बोट लागणे’ याचा अर्थ बोट धक्क्याला लागणे असाही होतो आणि बोटीत मळमळून ओकारी येणे असाही होतो. दुसऱ्या अर्थी कर्ता बोटच राहतो, परंतु भोगणारा चतुर्थीत येतो : ‘तिला बोट लागली’. ऊन लागणे, भूत लागणे, नजर लागणे यांच्याच पंक्तीतील ही रचना आहे. बाहेरची वस्तू माणसाला येऊन चिकटते, माणसाचा त्यात काही अपराध नाही. पुढे बोटी गेल्या आणि मोटारी आल्या तेव्हा ‘गाडी लागणे’ हा प्रयोग आयत्या साच्यात तयार झाला. कशेडी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी आपण एका नाविक वाक्प्रचाराचे वारसदार आहोत हे जाणून घ्यावे.

हा प्रवास निर्धोक नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेतच कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येचा सण घरी करावा म्हणून निघालेले चाकरमानी तीत पुष्कळ होते. चार दिवसांच्या मोकळिकीसाठी केवढी किंमत पडू शकते, हे किनाऱ्यावरील घरे या दोन तारखांवरून सांगू शकतात.

मुंबईत उतरल्यावर राहावयाचे कोठे ? या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांत विभागलेले होते आणि त्या तीन शब्दांनीच कोणी जावे व कोणी जाऊ नये हे ठरविले. ‘गाळा’ किंवा ‘गावकीची खोली’ म्हणजे एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा. तेथे वळकट्या भिंतीला लागलेल्या, पाळ्यांप्रमाणे झोपणारे लोक, आणि जेवण खानावळीत. ‘खोली’ म्हणजे एका कुटुंबप्रमुखाची, परंतु त्यात भाचे, पुतणे, मेहुणे यांचा भरणा. आणि ‘बिऱ्हाड’ म्हणजे जेथे बाईमाणूस आहे, चूल आहे, असा संसार. गावाहून आलेला पुरुष पाहुणा गाळ्यात खपून जाई. गावकीची वर्गणी दिलेली असली म्हणजे तो त्याचा हक्कच होता. स्त्रीला मात्र बिऱ्हाडच हवे. आता १९२१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे ५२५ होत्या, आणि शहरातील दर शंभर माणसांत सुमारे ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती, हे आकडे समोर ठेवावेत. त्यांचा अर्थ असा, की गाळे पुष्कळ आणि बिऱ्हाडे थोडी. गावातील एखाद्याच घराला मुंबईत बिऱ्हाड असे, आणि त्या घरच्या बायकांनाच ‘मुंबई पाहणे’ शक्य होई. शेजारणीची सून वीस वर्षे नवऱ्याच्या मनिऑर्डरीवर अंगठा उठवीत राही, आणि ज्या शहरातून ती मनिऑर्डर येई ते तिने कधी पाहिलेले नसे. चाकरीच्या इतिहासात ही बाई ‘मागे राहिलेली’ म्हणून येते. सुट्टीच्या इतिहासात ती येतच नाही, आणि माझ्या दृष्टीने हे न येणे हाच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

ज्यांना जाता आले त्यांनी काय पाहिले, हे त्यांनी शहराला दिलेल्या नावांवरून कळते. सरकारी नकाशावरील मुंबई इंग्रजी होती. पाहुण्याची मुंबई मराठी होती. या दोन नकाशांतील नावे ताडून पाहण्याचे काम भाषाभ्यासकाला फार मनोरंजक वाटते. १८६२ साली उघडलेल्या ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ची राणीची बाग झाली, राणीचे नाव गळले आणि तिचे पद राहिले. मोठ्या आगगाडीच्या स्टेशनाची इमारत १८८८ साली पुरी झाली, तिलाही राणीचेच नाव होते, परंतु लोक बोरीबंदर म्हणत राहिले, कारण १८५३ सालची पहिली गाडी निघाली तीच मुळी बोरीबंदरावरून. पायधुणी, धोबी तलाव, फणसवाडी, चिंचपोकळी ही नावे तर गावच्या माणसाला सांगावीच लागत नसत. ऐकताच ती चित्रासारखी लक्षात राहत. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशाला अशा नावांचाच आधार असतो. त्याच्या बेताची यादी कागदावर नसून तोंडात असते, म्हणून तोंडात मावणारी नावेच तीत टिकतात.

या सर्व नावांत ‘काळा घोडा’ हे मला अत्यंत बोलके वाटते. इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, त्याचा हा अश्वारूढ पुतळा १८७९ साली उभारला गेला. त्याचा खर्च केला आल्बर्ट ससून या बगदादी यहुदी घराण्यातील व्यापाऱ्याने; घडविला तो व्हिएन्नात जन्मलेल्या शिल्पकाराने. आणि त्याला नाव दिले ते रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसांनी. त्यांना स्वार दिसला नाही, घोडा दिसला. राजपुत्रापेक्षा जनावराची पारख अधिक असलेल्या माणसाची ही दृष्टी आहे. १९६५ साली पुतळा तेथून हलविला गेला तरी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. आणि २०१७ साली त्या परिसरात जो नवा पुतळा बसविण्यात आला तो केवळ घोड्याचा आहे, त्यावर स्वार नाही. लोकांच्या शब्दाने अखेर शिल्पालाही आपल्या वळणावर आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता शहरातील नाना लोकांविषयी. असा एक समज आहे, की खेड्यातील माणूस मुंबईत येईपर्यंत दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा मनुष्य पाहिलेला नसतो आणि तेथे येताच तो भांबावतो. सावित्रीच्या खोऱ्यापुरता तरी हा समज टिकत नाही. दासगाव-महाडच्या बाजूस कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांची बोली मराठीचीच एक शाखा आहे, आणि त्यांच्यातील पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या खलाशी म्हणून दूरदूरच्या बंदरांना जात आले. याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल लोक होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे यहुदी. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले, आणि मसजिद बंदर या भागाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. म्हणजे कुलाबा जिल्ह्याच्या तेल्याने बांधलेल्या यहुदी मंदिराला मुंबईने मशीद म्हटले. महाडचा पाहुणा तेथून जात असेल तेव्हा तो परक्या ठिकाणाहून जात नव्हता. आपल्याच जिल्ह्यातील शेजाऱ्याच्या अंगणातून जात होता. पारशी, इराणी, चिनी, अरब हे मात्र त्याला नवे होते, आणि त्यांना पाहणे हा त्याच्या सुट्टीतील कौतुकाचा भाग होता.

बोलावयाचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्याने आपल्या परीने सोडविला. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, या भागातील बोलीची नोंद बाणकोटी-संगमेश्वरी या नावांनी झाली आहे. ही बोली तो शहरात लपवीत असे. ती ऐकून शहरी मराठी माणूस हसत असे, आणि हसणारा मराठी असला म्हणजे लाज अधिक वाटते. त्यामानाने मुंबईची हिंदी त्याला सुखाची होती, कारण ती कोणाचीच नव्हती. महादेव आपटे यांनी १९७४ साली या हिंदीचे भाषाशास्त्रीय विवेचन केले आहे. मला येथे एकच गोष्ट सांगावयाची आहे. ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’ हा भेद मराठीत आहे. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा तो आहे. प्रमाण हिंदीत तो नाही. मुंबईच्या हिंदीतील ‘अपन’ ही जागा भरून काढतो. सर्व बाजूंनी परके असलेल्या माणसांनी एक सामाईक भाषा बनविताना सर्वांत आधी काय दुरुस्त केले असेल, तर ऐकणाऱ्याला आपल्यात घेणारे सर्वनाम. आठ दिवसांच्या मुक्कामात गावच्या पोराने परत नेलेला पहिला शब्द बहुधा हाच असे.

येथवर ज्या पाहुण्याविषयी लिहिले तो कोणत्या जातीचा, हे मी जाणूनबुजून सांगितले नाही. परंतु महाडविषयी लिहिताना ते टाळता येणार नाही. या खोऱ्यातील महार समाजाचा मुंबईशी आणि लष्कराशी संबंध जुना आहे. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाड तालुक्यातील रावढळचे. या समाजातील माणूस मुंबईस चार दिवसांसाठी गेला तरी त्याची सुट्टी इतरांच्या सुट्टीहून गुणाने वेगळी होती. मुंबई जातिभेदापासून मुक्त होती असे कोणी समजू नये. चाळी वेगळ्या होत्या, गिरणीतील विणकामखाते अस्पृश्यांना बंद होते. तथापि ट्रामच्या तिकिटावर जात लिहिलेली नव्हती. १९०७ पासून विजेवर चालणाऱ्या ट्रामच्या बाकावर जो शेजारी बसेल तो बसेल. राणीच्या बागेचे फाटक आणि त्यालगतचे संग्रहालय कोणाला कूळ विचारीत नसे. आणि हा मनुष्य परत येऊन दासगावच्या धक्क्यावर उतरला, महाडच्या पेठेत कामाला गेला, तर चवदार तळ्याचे पाणी त्याला बंद होते. इतरांनी मुंबईहून आणलेली गोष्ट गमतीची होती; याने आणलेली गोष्ट तुलनेची होती.

ही तुलना केवळ मनात राहिली नाही. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून तळे खुले असल्याचे ठरविले. व्यवहारात ते बंदच राहिले. पुढे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली ती १९ व २० मार्च १९२७ रोजी, आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्यामागून हजारोंनी तळ्याचे पाणी घेतले. आता या दिवसांचे पंचांग पाहावे. १९ मार्च शनिवार होता, २० रविवार. आणि फाल्गुनी पौर्णिमा नुकतीच, १८ तारखेला, होऊन गेली होती. म्हणजे शिमग्याचे दिवस : मुंबईचा चाकरमानी रजा घेऊन गावी येण्याचे दिवस. दुसरी परिषद २५ डिसेंबरपासून भरली, तेव्हा नाताळ होता आणि रविवारही होता. परिषदेचे एक प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगाव-महाडच्याच बाजूचे आणि मुंबईच्या गोदीत काम केलेले. या मुलुखाचे सुट्टीचे कोष्टक त्यांना पाठ असणार. तारखा याच हिशेबाने नेमल्या असे लेखी प्रमाण माझ्यापुढे नाही, म्हणून तो दावा मी करीत नाही. परंतु शिमगा आणि शनिवार-रविवार यांचा असा मेळ बसला नसता, तर एवढी माणसे मुंबईहून व गावोगावहून रजेचा प्रश्न न येता जमली असती काय, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा.

डिसेंबरात आंबेडकर दोनशेहून अधिक मंडळींसह २४ तारखेस ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ तारखेस दुपारी दासगावास उतरले. तेथून महाड सुमारे पाच मैल. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडून तेव्हा सात आठवडेही झाले नव्हते. बोट तीच, खाडी तीच, भरतीचा हिशेब तोच. ज्या वाटेने लोक शहर पाहावयास जात, त्याच वाटेने शहरात पाहिलेली गोष्ट गावी मागावयास ते परत आले. तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयातील निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

बोटीचे युग संपल्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. मोटारीच्या रस्त्याने आधी धरमतरपर्यंत लाँच आणि पुढे पेण, माणगाव, महाड असा प्रवास सुरू झाला. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे काही वर्षांत एस. टी.ने महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांपर्यंत मजल मारली. तिथीची जागा वेळापत्रकाने घेतली. १९९३ साली कोकण रेल्वे महाडजवळच्या वीर स्थानकापर्यंत आली, १९९८ साली सबंध मार्ग खुला झाला. सावित्रीने मात्र आपला हक्क पूर्णपणे सोडला नाही : २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीकचा इंग्रजी अमदानीतील पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या गेल्या.

रस्ता झाल्यावर निमित्तांची गरज कमी झाली. शाळांच्या सहली निघू लागल्या आणि ‘सहल’ हा शब्द घरात आला; मुलांना तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, गेटवे यांची यादी शाळेतूनच मिळू लागली. पर्यटकांना एका दिवसात शहर दाखविणाऱ्या फेरीला ‘मुंबई दर्शन’ हे नाव पडले, यात मला मोठी गंमत वाटते. देवदर्शनाच्या निमित्ताखाली जी गोष्ट शंभर वर्षे लपून होत होती, तिने उघड्यावर येताना निमित्ताचाच शब्द अंगावर घेतला.

या विषयाची साधने अद्याप घरोघरी आहेत आणि ती झपाट्याने नष्ट होत आहेत. २०२१ च्या जुलै महिन्यातील महापुरात महाड शहरातील घरांतून आणि दुकानांतून किती कागद वाहून गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी. आमच्या विभागाच्या ज्या विद्यार्थ्यांची घरे या दोन तालुक्यांत आहेत त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर जुनी पोस्टकार्डे पाहावीत. मजकूर बहुधा दोन ओळींचाच असेल. त्यात जाण्याचे कारण काय लिहिले आहे, ‘खोलीवर’ येण्यास सांगितले आहे की ‘बिऱ्हाडी’, बरोबर कोण बाईमाणूस आहे, आणि दिवस कळविताना तिथी दिली आहे की इंग्रजी तारीख, एवढे टिपून घ्यावे. कोणत्या वर्षापासून तिथी मागे पडून तारीख येऊ लागली हे गावोगावचे कळले, तर बोट केव्हा सुटली आणि गाडी केव्हा आली हे सरकारी अहवालांहून अधिक अचूक सांगता येईल.